फुलाला पाठ नसते

मराठी माणसाला ‘चौक’ म्हटलं की चार रस्ते दिसतात, एक सिग्नल दिसतो, मधोमध पुतळा आणि झाडाच्या सावलीत पोलीस दिसतो. लखनौचा चौक यातला नव्हे. तो एक जुना, लांबट, अरुंद बाजार आहे. एका टोकाला गोल दरवाजा, दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा. मध्ये चिकनकारीचे कुर्ते, अत्तराच्या कुप्या, निहारी-कुलच्याचा वास, आणि थंडीच्या सकाळी परातीत तरंगणारी मक्खन-मलाई. ही मक्खन-मलाई जिभेवर ठेवेपर्यंत नाहीशी होते. गिऱ्हाइकाने आपण नक्की काही खाल्लं का, हे विचारायच्या आत पैसे चुकते झालेले असतात.

हा सगळा संसार जेव्हा मांडला गेला, तेव्हा रस्त्यावरचं मोठ्यात मोठं वाहन म्हणजे पालखी, फार तर हत्ती. त्या रस्त्यात जानेवारीतल्या एका सकाळी आमचे साडू आपली सेडान घेऊन शिरले.

‘शिरले’ हे क्रियापद बरोबर आहे. ‘निघाले’ हे क्रियापद त्यानंतर पंचवीस मिनिटं वापरता आलं नाही.

पुढे हातगाडी, डाव्या अंगाला दुकानाची पायरी, उजव्या अंगाला ई-रिक्षांची रांग. उरला एकच मार्ग : मागे. साडूंनी रिव्हर्स टाकला, आरशात पाहिलं आणि हताश होऊन म्हणाले, “काही दिसत नाही हो! हा मेला तिसरा ब्रेक लाइट मध्ये येतो.”

मी आरशात डोकावलो. मागच्या काचेखालच्या फळीवर, म्हणजे ज्याला ॲक्सेसरीवाले पार्सल ट्रे म्हणतात तिथे, पुढील ऐवज होता : जरीकाम केलेल्या दोन उश्या, टिश्यू पेपरचा मखमली डबा, मान डोलावणारं कुत्रं, दोन स्पीकर, मुलाची जुनी टोपी आणि एक छत्री. काचेवर वरच्या बाजूला सोनेरी अक्षरांत आईवडिलांचे आशीर्वाद, खालच्या बाजूला मुलांची नावं. आणि या सगळ्यांच्या मधोमध, चार बोटं उंचीची एक काळी डबी. त्यात तो तांबडा दिवा.

गर्दीत चोरी झाली की सगळ्यात गरीब दिसणाऱ्याची झडती होते. इथेही दिवाच पकडला गेला.

“हा वर हलवून घेणार,” साडूंनी जाहीर केलं. “म्हणजे मागचं स्वच्छ दिसेल.”

मराठी माणसाने लखनौत येऊन विस्कळीत वस्तू जागच्या जागी लावाव्यात, ही तशी जुनी परंपरा आहे. विष्णू नारायण भातखंड्यांनी 1926 साली याच शहरात मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उभं केलं. हिंदुस्थानी संगीतातले शेकडो राग त्यांनी दहा थाटांत नीट लावून ठेवले होते. आज ते कॉलेज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. साडूंची महत्त्वाकांक्षा मर्यादित होती. त्यांना फक्त एक दिवा हलवायचा होता.

गाडी सुटल्यावर आम्ही एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. लखनौचा कारागीर तो. त्याने आधी चहा मागवला, मग गाडीकडे पाहिलं. मागे बसून, पुढे बसून, आरशातून, काचेतून असा चारी बाजूंनी मुआयना करून त्याने अतिशय अदबीने भाव सांगितला. दिवा वर हलवायचे आठशे. उश्या काढायचे काही नाही.

साडूंनी आठशेचा पर्याय निवडला.

तर आता दिव्याचं काम सुरू असेतो त्याची कैफियत ऐकून घेऊ. कारण त्याला वकील नाही.

1974 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने 343 टॅक्सींना मागे तिसरा ब्रेक लाइट लावला आणि 160 टॅक्सी तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनी हिशेब केला. दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. हा प्रयोग इंजिनिअरने नव्हे, मानसशास्त्रज्ञाने केला, हे मला फार सूचक वाटतं. मागून धडक बसते ती बहुतेकदा यंत्राच्या चुकीने नव्हे. ती बसते मागच्याच्या डोक्यात त्या क्षणी आपण नसतो म्हणून.

पुढे अमेरिकेने 1 सप्टेंबर 1985 पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीला हा दिवा सक्तीचा केला. मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांच्याच डोक्यावर दिवा आल्यावर त्याचं अप्रूप संपलं. 1998 साली तिथल्या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याने मोजलं, तेव्हा साठ टक्क्यांचे 4.3 टक्के झाले होते. नव्याचे नऊ दिवस अमेरिकेतही नऊच असतात. तरीसुद्धा त्या सव्वाचार टक्क्यांचा अर्थ वर्षाला दोन लाखांच्या आसपास टकरी टळणं असा होता, आणि तोही काही डॉलरांच्या एका दिव्यात. इतक्या स्वस्तात आपल्याकडे धड सत्यनारायणही होत नाही.

या दिव्याचं मर्म तो कुठे आहे यात आहे. खालचे दोन दिवे दुहेरी नोकरी करतात : रात्री मंद जळायचं आणि ब्रेक दाबला की जोरात. मंद कुठे संपतं आणि जोर कुठे सुरू होतो, हे मागच्याने ओळखायचं. तिसरा दिवा एकवचनी आहे. तो पेटला याचा एकच अर्थ : थांबतोय. शिवाय तो उंच असतो, म्हणून तुमच्या मागच्या गाडीच्या काचांमधून आरपार तिच्याही मागच्याला दिसतो. खालचे दिवे शेजाऱ्याशी बोलतात. हा वरचा दोन घरं सोडून पलीकडच्यालाही हाक मारतो. धुक्यात एकामागून एक दहा गाड्या आदळतात तेव्हा पहिल्या दोघांचं काय झालं यापेक्षा तिसऱ्याला ते कधी कळलं, यावर पुढच्या सात जणांचं नशीब ठरतं. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्ग 302 किलोमीटरचा आहे, आणि जानेवारीत त्यातले कित्येक किलोमीटर दुधात बुडवल्यासारखे असतात. तिथे वाहनचालक काय करतात? चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी पळवतात. म्हणजे वळणार का थांबणार का फक्त घाबरलोय, हे मागच्याने ज्योतिष्याला विचारायचं.

आपल्याकडचा हिशेबही ऐका. 2022 साली देशात 4,61,312 रस्ते-अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. त्या अपघातांत ‘मागून धडक’ या प्रकाराचा वाटा सगळ्यांत मोठा होता, एकपंचमांशाहून जास्त. आणि मृत्यूंच्या यादीत उत्तर प्रदेशाचा क्रमांक पहिला. आपल्याला समोरून येणाऱ्या मृत्यूची भीती वाटते. म्हणून पुढच्या काचेवर गणपती. मागच्या काचेवर उशी.

आता साडूंचीही बाजू घ्यायला हवी. नाहीतर पुढच्या वेळी मक्खन-मलाई मिळायची नाही. त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. अलीकडच्या सेडानला डिकी उंच आणि काच उतरती. आरशात तिची दिसते ती जेमतेम एक वीत. त्या वितीच्या बुडाशी दिव्याची डबी उभी राहिली की नेमका मधला तुकडा जातो. आणि मागे घेताना त्याच तुकड्यात असतं सायकलवरचं पोरगं, पायरीवर बसलेली म्हातारी, स्कूटरवाल्याचं हेल्मेट. म्हणजे भांडण एका वितीचं आहे. दिव्याला तिथे बसून दिसायचं आहे आणि चालकाला तिथूनच बघायचं आहे. म्हणूनच पुष्कळ कंपन्यांनी हा दिवा काचेच्या वरच्या काठाला नेला, हॅचबॅकमध्ये तर पार मागच्या दाराच्या माथ्यावर, स्पॉयलरमध्ये. साडूंचा बेत मुळात शहाणपणाचाच होता. शहाणपण फक्त चुकीच्या टोकाकडून सुरू झालं होतं.

दिवा हलवणं म्हणजे भिंतीवरचा खिळा हलवणं नव्हे. तो गाडीच्या मध्यरेषेवरच हवा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत, मध्य साधणं शक्यच नसेल तर 150 मिलिमीटरपर्यंत बाजूला सरकायची मुभा आहे, पण खालच्या दोन ब्रेक लाइटांच्या वरच त्याने राहायचं. काच उतरती असल्याने दिवा काचेला समांतर चिकटवला तर त्याचा झोत मागच्याच्या डोळ्यांत न जाता आभाळात जातो. मग घारी ब्रेक मारतात. दिवा आणि काच यांच्यात फट राहिली तर रात्री तांबडा उजेड काचेवरून परतून चालकाच्याच आरशात येतो. प्रत्येक ब्रेकला गाडीत होळी. काचेत गरम तारांच्या रेषा असतील तर त्यांवर गोंद लावून ओढाताण केली की तारा तुटतात. डिकीच्या पत्र्याला भोक पाडायचं ठरवलंत तर भोक कायम राहतं, दिवा राहतोच असं नाही, आणि पहिल्या पावसात गंज हजेरी लावतो.

सगळ्यांत मोठी गोम वायरीत. तिन्ही ब्रेक लाइट सहसा एकाच ब्रेक-स्विचवर आणि एकाच फ्यूजवर चालतात. नव्या दिव्याची वायर नुसती पीळ मारून, वरून टेप गुंडाळून जोडली, ती मागच्या खांबात पत्र्याला घासली आणि शॉर्ट झाली, तर फ्यूज उडतो आणि तीनही दिवे एकदम जातात. तिसरा नीट दिसावा म्हणून पहिले दोनही घालवून बसायचं. दिराच्या लग्नात नवऱ्याची नोकरी गेल्यासारखं.

आणि बल्ब काढून एलईडी टाकलीत तर एक खरा फायदा होतो. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. एलईडी तत्काळ पेटते. ताशी साठच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी सव्वातीन मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणजे जवळजवळ एक छोटी मोटार. ती मोटार तुमच्या डिकीत शिरायची का बाहेर थांबायची, हे तो पाचवा हिस्सा ठरवतो. मात्र एलईडी म्हटल्यावर आपल्या दुकानदारांना चेव येतो. डावीकडून उजवीकडे पळणारा दिवा, धडधडणारा दिवा, निळा, जांभळा दिवा. ब्रेक लाइट तांबडा आणि स्थिर असावा. मागच्याला ‘थांब’ म्हणून सांगायचं आहे. वरातीला बोलवायचं नाही.

कायद्याचाही एक शब्द. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनात मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे दिवा हलवण्याआधी उत्पादकाच्या अधिकृत वर्कशॉपला विचारणं बरं. पण खरी गंमत काचेच्या कायद्यात आहे. नियम 100 म्हणतो, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून 50 टक्के. एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. फिल्म गेली, उश्या आल्या, पडदे आले, सोनेरी अक्षरं आली. उशीतून किती टक्के उजेड जातो, हे अजून कुणी कोर्टात मांडलेलं दिसत नाही.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लखनौला हसू नये. आपल्याकडे मागची काच हे नुसतं शेल्फ नाही, ते वर्तमानपत्र आहे. घराण्याचं नाव, गावाचं नाव, नेत्याचा चेहरा, राजमुद्रा, ‘आई-वडिलांची पुण्याई’, आणि ते प्रसिद्ध ‘बघतोस काय, मुजरा कर’. हे अक्षर वाचता येईल इतका जवळ जो आला, तो पुढचा ब्रेक बसताच खरोखरच मुजरा करतो, बंपरपर्यंत वाकून. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद करायला सांगितलं. त्या मजकुरात निदान मागच्याशी संवाद तरी होता. बाकी आपल्या वाहनांच्या पाठी सगळं सांगतात : कुणाचा आशीर्वाद, कुणाची कृपा, कुणाचा बाप कोण. ‘मी थांबतोय’ एवढंच सांगत नाहीत.

आणि रिव्हर्स घेताना आपण बघतो कुठे? बघतच नाही. खाली एक भला माणूस उतरून गाडीच्या बुडावर थाप मारतो : “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!” ‘बास’ हा शब्द नेहमी आवाज झाल्यानंतर येतो. रिव्हर्स कॅमेरे आले, तरी हा थाप मारणारा माणूस गेला नाही. कारण कॅमेऱ्यावर चिखल असतो आणि चिखल पुसायला उतरावं लागतं.

चौकाकडे परत येतो. तिथल्या फूलवाली गलीच्या तोंडाशी साडू दिवा बसवून घेतलेली गाडी घेऊन आले, तेव्हा मला फारसीतली एक रीत आठवली. अवधच्या नवाबांचा मूळपुरुष इराणातल्या निशापूरचा, आणि दरबाराची भाषा फारसी. त्यामुळे या गल्लीत ती आठवायला हरकत नाही. इराणी माणूस गाडीत पुढे बसला की मागच्याची माफी मागतो : क्षमा करा, माझी पाठ तुमच्याकडे आहे. त्यावर मागच्याने म्हणायचं : फुलाला पाठ-पुढा नसतो. केवढी ही सभ्यता! पाठ करावीच लागणार, पुढच्याला दुसरा इलाज नाही. पण मागे कुणीतरी आहे, हे आपल्याला माहीत आहे, एवढं त्याला कळू द्यायचं.

तिसरा ब्रेक लाइट म्हणजे मोटारीने मागितलेली तीच माफी. अख्ख्या गाडीत मालकाच्या स्वतःच्या काहीही उपयोगाचं नसलेलं असं फारच थोडं असतं. सीट आपल्यासाठी, एसी आपल्यासाठी, हॉर्न तर सर्वस्वी आपल्या अहंकारासाठी. चालवताना आपल्याला कधीही न दिसणारा, केवळ परक्या माणसासाठी जळणारा असा हा दिवा. म्हणूनच तो बंद पडला तर आपल्याला महिनोन्‌महिने कळत नाही, आणि जागा कमी पडली की पहिला हलवला जातो तोच.

साडूंचा दिवा, सांगायला हरकत नाही, उत्तम बसला. काचेच्या वरच्या काठाला, बरोबर मध्यावर, झोत सरळ मागे. कारागिराने वायर आतून नळीतून नेली, स्वतः वीस पावलं मागे जाऊन उभा राहिला, मला ब्रेक दाबायला लावला, मग गुडघ्यावर बसून पुन्हा बघितलं. स्कूटरवाल्याच्या उंचीवरूनही दिसतो ना, म्हणून. आठशेत एवढी काळजी पुण्यात मिळाली तर मला कळवा.

खालची जागा मोकळी झाली. मागची काच प्रथमच काचेसारखी दिसत होती. साडू खूश, मी खूश, कारागीर खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर निघताना मी मागे वळून पाहिलं. मोकळ्या झालेल्या जागेत, जिथे चार बोटं उंचीचा दिवा होता तिथे, वीतभर उंचीचा रूमी दरवाजा उभा होता. पितळी, चकचकीत, आदल्या संध्याकाळी घेतलेला. लखनौचा खरा रूमी दरवाजा नवाब आसफुद्दौलाने 1784 साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधला. साडूंनी का बांधला, ते त्यांनाच विचारा. आरशात आता तोच दिसत होता. त्याच्या कमानीतून मात्र मागचं थोडंफार दिसायचं, हे कबूल केलं पाहिजे.

म्हणून वाचकहो, दिवा हलवायच्या आधी एक करा. आज रात्री गाडी लावताना तिची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीवरचे तांबडे डाग मोजा. तीन दिसले तर झोपा. दोनच दिसले तर उद्या बल्ब बदला, सत्तर-ऐंशी रुपयांचं काम आहे. आणि तिसरा पेटतोय पण उशीच्या आडून, असं असेल, तर दिव्याला हात लावू नका. उशी घरात न्या. तिची जागा पलंगावर आहे.